चंची, पडशी आणि होल्डॉल

परवा चाळीसगाव-धुळे गाडीत चार्जर शोधायला मी अख्खी बॅग सीटवर रिकामी केली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "काय शोधी राह्यना रे भाऊ?" आणि त्यांनी कमरेची चंची सोडून, न बघताच सुपारी काढली!

चंची म्हणजे कापडी कप्प्यांची घडी. पान एकात, सुपारी दुसऱ्यात, तंबाखू वेगळी. चुना ओला, म्हणून त्याला वेगळी डबी. वरून दोरी गुंडाळली की झालं. आपण ऑनलाइन मागवतो त्या पॅकिंग ऑर्गनायझरचं डोकं हेच. पायी प्रवासाला पडशी असायची: एक पिशवी छातीवर, एक पाठीवर. वजन सारखं नसेल तर घसरणार, त्यामुळे विचार भरतानाच करायचा.

१८६० च्या दशकात भुसावळला रेल्वे आली, १९०० मध्ये धुळ्याचा फाटा सुरू झाला. अंथरूण घरूनच न्यायचं, म्हणून दोरीने बांधलेली वळकटी. ऐपतवाल्यांकडे होल्डॉल: जाड कॅनव्हास, टोकांना खिसे, वरून पट्टे. उलगडला की तीच गादी! जुन्या फोटोंत साहेबाचा होल्डॉल दिसतो. मजुराचं बोचकं कोण टिपणार? त्याला कप्पा नाही, एकच गाठ. ती सुटली की घरची फाटकी लुगडीसुद्धा डब्यासमोर.

बाकी, कप्प्यांनी वजन घटत नाही हां. स्लीपरला आजही ४० किलोच मोफत.

माझा चार्जर? बुटात सापडला, शिरूडच्या पुढे.