दहा आठवडे दिल्लीत

13 जुलै 2023 रोजी यमुनेचं पाणी लाल किल्ल्याच्या भिंतीला टेकलं, तेव्हा दिल्लीकरांना नदीचं जुनं पात्र कुठे होतं ते आयतंच कळलं. नदीची पातळी 208.66 मीटरवर गेली होती. 1978 चा 207.49 मीटरचा उच्चांक मोडला होता. एरवी किल्ल्याच्या मागून रिंग रोड धावतो आणि यमुना दूर पूर्वेला, गटारासारखी काळी, अंग चोरून वाहते. बादशाही काळात मात्र ती तटाला लागूनच वाहत असे आणि पावसाळ्यात ती ओलांडायचं नाव कोणी काढत नसे. 1760 च्या पावसाळ्यात हीच नदी मराठ्यांची फौज आणि अहमदशाह अब्दाली यांच्यामध्ये आडवी आली. तिच्यामुळे दक्षिणेतून आलेल्या लाखभर माणसांना ऑगस्टच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दिल्लीत थांबावं लागलं.

मराठी माणसाला पानिपताची 14 जानेवारी पाठ असते. बुराडी घाट ठाऊक असतो, कारण तिथे 1760 च्या जानेवारीत अब्दालीच्या फौजेशी लढताना दत्ताजी शिंदे पडले. हे दहा आठवडे मात्र बहुतेक कथनांत एका परिच्छेदात उरकले जातात. वास्तविक पानिपतावरच्या उपासमारीची सुरुवात या मुक्कामातच झाली होती.

पावसाळ्यात फौजेनं एका जागी छावणी करायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा मोहिमेवर निघायचं, हा मराठ्यांचा जुना शिरस्ता. त्यामागे व्यवहार होता: चिखलात तोफा रुततात, नद्या उतार देत नाहीत आणि घोड्याला चार महिने हिरवं गवत मिळून तो पुन्हा उभा राहतो. छावणीसाठी जागा निवडताना मात्र एक गोष्ट पाहावी लागे. आसपास धान्य आणि पैसा देणारा मुलूख हवा. या फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांना ही निवड करताच आली नाही. मार्चमध्ये परतूरहून निघालेली फौज चंबळेपलीकडे पोचेपर्यंत पाऊस लागला. गंभीर नदीच्या पुरानं वाट अडवली आणि यमुना ओलांडून अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबात, उतरण्याचा बेत फसला. अब्दाली त्या बाजूला अनुपशहरला गंगेकाठी बसला होता आणि दुआबातलं धान्य त्याच्या हाताशी होतं. भाऊंना मिळाली दिल्ली.

आणि कसली दिल्ली! 1739 मध्ये नादिरशाहनं ती लुटली, 1757 मध्ये अब्दालीनं. नोव्हेंबर 1759 मध्ये वजीर इमाद-उल-मुल्कनं बादशाह दुसऱ्या आलमगीरचा खून करवला आणि पाठोपाठ 1760 च्या आरंभी अब्दालीचे लोक पुन्हा शहरात शिरले. मीर तकी मीर या शायरानं ‘जिक्र-ए-मीर’ या फारसी आत्मचरित्रात त्या वर्षांतल्या ओसाड मोहल्ल्यांचं वर्णन केलं आहे. त्यानंही अखेर शहर सोडलं. सराफ आणि अमीर-उमराव आधीच निघून गेले होते. जुलैच्या अखेरीस मराठ्यांनी शहर घेतलं, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी किल्ल्यावर मारा केला आणि अब्दालीचा किल्लेदार याकूब अली खान यानं वाटाघाटी करून किल्ला सोडला. विजय झाला खरा, पण हाती आली ती आवाज नसलेली बाजारपेठ. विकायला कोणाकडे काही उरलंच नव्हतं.

तोंडं मात्र भरपूर होती. लढणाऱ्यांहून न लढणाऱ्यांची संख्या जास्त: बुणगे, दुकानदार, कारकून, सरदारांचे कबिले आणि फौजेच्या आधारानं उत्तरेची तीर्थं घडतील म्हणून निघालेले यात्रेकरू. अठरा वर्षांचे नाना फडणवीस आई आणि पत्नीसह आले होते. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई तळावरच होत्या. श्रावण, भाद्रपद, पितृपक्ष, सगळं दिल्लीतच पार पडलं. घरचे दिवस परक्या गावात काढायचे आणि तेही महागाईत! इब्राहिमखानाच्या गारद्यांना ठरलेला पगार रोख द्यावा लागे. बुसीच्या फ्रेंच शिस्तीत तयार झालेलं ते पायदळ, लुटीच्या आशेवर चालणारं नव्हतं. भाऊंनी अंतर्वेदीकडचे मराठ्यांचे अंमलदार गोविंदपंत बुंदेल्यांना पाठवलेल्या पत्रांचा सूर महिन्यागणिक चढत जातो: पैसा पाठवा, धान्य पाठवा, शत्रूची रसद तोडा. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो याच काळातल्या पत्रांचा. त्यातल्या पत्रांत शौर्यापेक्षा दाणावैरणीचीच विवंचना जास्त भेटते.

अशा टंचाईत भाऊंची नजर दिवाण-ए-खासच्या छताकडे गेली. शाहजहानच्या काळातल्या त्या चांदीच्या छताचा काही भाग आधीच्या लुटींत गेला होता. उरलेली चांदी भाऊंनी उतरवली आणि टांकसाळीत रुपये पाडले. किती पाडले, याचे आकडे साधनांगणिक बदलतात. एवढं खरं की फौजेचं भागलं ते थोडेच दिवस, आणि बदनामी कायमची पदरी पडली. ज्या बादशाहीचं रक्षण करायला आलो असं मराठे सांगत होते, तिचंच छत त्यांनी उतरवलं. भरतपूरचा सूरजमल जाट याच सुमारास आपली फौज घेऊन निघून गेला. छताचा राग होताच, पण इमादला वजिरी मिळेना हेही कारण होतं. सूरजमल अपमानित होऊन गेला असं सांगताना त्याचा हिशेबीपणा मराठी लेखक सहसा विसरतात. त्याच्या जाण्यानं नुकसान मात्र मोठं झालं, कारण दिल्लीच्या दक्षिणेला धान्य असलेला मुलूख त्याचाच होता. आज पर्यटक मान वर करून पाहतात ते रंगवलेलं लाकडी छत 1911 मधलं आहे.

पलीकडच्या तीरावर, लोणी-शाहदऱ्याच्या बाजूला, अब्दाली येऊन बसला होता. दोन्ही तळ एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात होते आणि मधे पूर. या काळात तहाची बोलणीही झाली. गंमत अशी की दोन्हीकडून मराठी माणसंच त्यात होती. भाऊंनी मूळ औरंगाबादच्या भवानीशंकर पंडिताला अब्दालीच्या बाजूला असलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याकडे पाठवलं आणि शुजाच्या पदरी काशीराज पंडित होता, तोही दक्षिणी ब्राह्मण. या काशीराजानंच पुढे 1780 मध्ये पानिपताची फारसी हकिकत लिहिली. बोलणी मात्र कुठेच पोचली नाहीत.

नवरात्राच्या सुमारास भाऊंनी राजकारणाचा एक मोठा डाव उरकला. 10 ऑक्टोबरला त्यांनी इमादनं बसवलेल्या तिसऱ्या शाहजहानला उतरवून दुसऱ्या शाहआलमच्या नावानं द्वाही फिरवली. नवा बादशाह तेव्हा शेकडो कोस दूर, बिहारकडे होता. त्याचा मुलगा जवानबख्त याला युवराज म्हणून पुढे केलं गेलं. मग शहर नारोशंकर राजेबहाद्दरांवर सोपवलं (नाशिकच्या घंटेचे आणि मालेगावच्या किल्ल्याचे तेच नारोशंकर) आणि फौज उत्तरेला कुंजपुऱ्याकडे वळली. कुंजपुरा घेण्यामागे सूड होता, तसंच पोटही होतं. अब्दालीसाठी साठवलेलं धान्य तिथे होतं आणि दत्ताजींचं शिर कापणारा कुतुबशाहही. 17 ऑक्टोबरला ठाणं पडलं, कुतुबशाह मारला गेला आणि 19 ला तिथेच दसरा साजरा झाला. दहा आठवड्यांनंतर प्रथमच तळावर पोटभर अन्न शिजलं.

ओसरत्या पाण्यानं आता दुसऱ्या बाजूलाही वाट दिली. भाऊ कुरुक्षेत्राच्या यात्रेचा विचार करत असताना अब्दालीनं 25 ऑक्टोबरला दिल्लीच्या उत्तरेस सुमारे 40 किलोमीटरवर, बागपताजवळ, यमुना ओलांडायला सुरुवात केली. नदीच्या उतारांवर चौक्या बसवण्यात मराठे कमी पडले, यावर फारसा वाद होऊ शकत नाही. आता अब्दाली दिल्ली आणि भाऊ यांच्यामध्ये होता आणि दक्षिणेची वाट बंद झाली. डिसेंबरात गोविंदपंत अंतर्वेदीत अब्दालीची रसद मारत दिल्लीच्या जवळ सरकले, तेव्हा गाझियाबादजवळच्या जलालाबादेत अचानक झालेल्या छाप्यात ते मारले गेले.

14 जानेवारीला पानिपतावर मराठे हरले. तिथून नाना फडणवीस जीव घेऊन निसटले, त्यांची पत्नीही वाचली. आई परतली नाही. नारोशंकरांनी दिल्ली सोडली. ज्याच्या नावानं भाऊंनी द्वाही फिरवली होती, तो शाहआलम जानेवारी 1772 मध्ये आपल्या राजधानीत शिरला, तोही महादजी शिंद्यांच्या फौजेसोबत.