आठ अणुभट्ट्या आणि एक धुराडे

'एंटरप्राइझ' हे नाव आपल्याकडे स्मरणात राहिले ते डिसेंबर १९७१ मुळे. बांगलादेशाचे युद्ध निर्णायक टप्प्यावर असताना अमेरिकेने ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात पाठवली. त्याच उपसागरात आपली 'विक्रांत' एका बॉयलरला तडे गेलेले असताना, मंदावलेल्या गतीने लढत होती. दोन्ही नौका १९६१ साली सेवेत आलेल्या. या विरोधाचे आकर्षण एवढे, की 'एंटरप्राइझ'सोबतच्या विनाशिका तेलावरच चालत होत्या, हे सहसा कोणी सांगत नाही. नेमका हाच मुद्दा आठ वर्षांपूर्वी वॉशिंग्टनमधील एका मोठ्या वादात आला होता.

अणुशक्ती म्हटले की काही अद्भुत यंत्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात अशी नौकाही चालते ती वाफेवरच. भट्टीच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, ती टर्बाइन फिरवते आणि त्या काळी विमाने हवेत फेकणारी कॅटापुल्टही तिच्यावरच चालत. बदलते ते चुलीतले सरपण. मात्र तेवढ्याने पुष्कळ काही बदलते. धुराडे नाहीसे होते, त्यामुळे उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत तप्त धूर येत नाही. तेलाच्या टाक्यांची जागा विमानांच्या इंधनाला आणि दारूगोळ्याला मिळते. दिवसेंदिवस पूर्ण वेगाने धावतानाही तेल संपण्याची धास्ती उरत नाही.

याचे मोल किती, हा खरा प्रश्न. 'एंटरप्राइझ'ला आठ अणुभट्ट्या होत्या आणि खर्च सुमारे ४५ कोटी डॉलर. तिच्या भगिनी-नौकांचा बेत या खर्चापायीच सोडावा लागला. पुढची नौका चार भट्ट्यांवर चालवता येईल, असे अणुऊर्जा आयोगाने १९६३ च्या आरंभी कळवले. नौदलाला हे हवेच होते. पण संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा फोर्ड कंपनीतून आलेले, हिशेबाचे पक्के. तेवढ्याच पैशात अधिक सामर्थ्य कशाने मिळते, एवढेच ते विचारत राहिले. ऑक्टोबर १९६३ मध्ये त्यांनी नकार दिला. अ‍ॅडमिरल रिकोव्हर आणि संसदेची अणुऊर्जा समिती यांनी विरोध करूनही निर्णय फिरला नाही.

मला मॅकनमारांचा प्रश्न रास्त वाटतो, उत्तर मात्र अपुरे. सोबतच्या नौका तेलावर चालणार असतील तर एकट्या विमानवाहू नौकेचे स्वातंत्र्य तोकडे, हे खरेच. शिवाय विमानांना इंधन लागतेच. बॉम्बवर्षाव सुरू झाला की टँकरची वाट पाहणे सुटत नाही. पण ही मर्यादा कायमची आहे असे मानूनच तो हिशेब मांडला होता. १९६४ मध्ये 'एंटरप्राइझ', 'लाँग बीच' आणि 'बेनब्रिज' या तीन अणुनौकांनी वाटेत रसद न घेता पृथ्वीप्रदक्षिणा केली: ६५ दिवस, ३०,००० हून अधिक सागरी मैल. दिमाखदार उत्तर, पण शांततेच्या काळातले!

नाकारलेली ती नौका तेलावरच बांधली गेली. तिला 'जॉन एफ. केनेडी' हे नाव मिळाले आणि धूर धावपट्टीपासून दूर जावा म्हणून धुराडे बाहेरच्या बाजूला कलते केले गेले. पुढे दोन भट्ट्यांवर काम भागेल असे दिसताच खुद्द मॅकनमारांनी 'निमिट्झ'साठी अणुशक्ती मान्य केली. वादाने जे झाले नाही ते आठावरून दोनावर आलेल्या भट्ट्यांनी केले. त्यानंतर अमेरिकेने तेलावरची मोठी विमानवाहू नौका बांधलीच नाही.

तरी हिशेब मिटला नाही. १९९८ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ५० वर्षांचा खर्च काढला: तेलाच्या नौकेला १,४१० कोटी डॉलर, अणुनौकेला २,२२० कोटी. १९९१ च्या आखाती युद्धात दोहोंच्या कामगिरीत फारसा फरक आढळला नव्हता, असेही त्याने नोंदवले.

'केनेडी' २०२१ साली भंगारवाल्याला एका सेंटला विकली गेली. 'एंटरप्राइझ' मोडण्यासाठी, आठ अणुभट्ट्यांच्या विल्हेवाटीसह, २०२५ साली करार झाला तो ५३ कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा. डॉलरचे मोल मधल्या काळात घसरले हे धरूनही, बांधायला लागले होते ४५ कोटी.