वजनकाट्याला न दिसणारा मेद

जानेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र छापले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स नेमका सारखा, २२.३. शरीरातील मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांच्या बाबतीत ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या बाबतीत २१.२ टक्के. आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या टिपणाला ‘वाय-वाय विरोधाभास’ असे नाव पडले. लेखकाने स्वतःचाच देह पुरावा म्हणून वाचकापुढे ठेवावा, ही गोष्ट वैद्यकीय लेखनात विरळा. विरोधाभास हा अलंकार आपण काव्यशास्त्राच्या तासाला शिकतो. येथे तो वजनकाट्यावर उभा होता.

या प्रसंगाचा अर्थ समजण्यासाठी त्या निर्देशांकाची वंशावळ पाहावी लागते. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची कल्पना बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली. त्यांना लठ्ठपणाशी कर्तव्य नव्हते, ‘सरासरी मनुष्य’ कसा असतो याचा ते शोध घेत होते. १९७२ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी काही देशांतील प्रौढ पुरुषांची मोजमापे तपासून या भागाकाराला आजचे नाव दिले. त्या पुरुषांत भारतीय नव्हते, आणि स्त्रिया तर नव्हत्याच. तरीही पुढे हाच आकडा जगभरच्या देहांचा न्यायाधीश झाला. मेद आणि स्नायू यांत भेद करणे त्याला मुळातच अशक्य, कारण काटा फक्त भार सांगतो.

आपल्याकडील जुन्या ग्रंथांनी देहांची विभागणी निराळ्या रीतीने केली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या देहांविषयी आहे. त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश यांचा विचार सर्वांत विस्ताराने येतो आणि दोघांत कृश बरा असा कौल दिला जातो. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार केले, जन्मजात आणि अपथ्यामुळे होणारा. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. ही निरीक्षणे सूक्ष्म आहेत यात शंका नाही. परंतु येथेही माणूस एकतर कृश असतो किंवा स्थूल असतो. एकच माणूस एकाच वेळी दोन्ही असू शकतो, ही शक्यता या मांडणीत बसत नाही. बोलीभाषा याबाबतीत अधिक चतुर म्हणावी लागेल. काडीसारखे हातपाय असलेल्या गृहस्थाचे ‘पोट सुटले’ असे आपण सहज म्हणतो, आणि त्यात कोणालाही विसंगती जाणवत नाही.

पुण्यातील संशोधन या सुटलेल्या पोटापासून निघून पाळण्यापर्यंत जाऊन पोहोचले. रास्ता पेठेतील केईएममध्ये जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा आधीच सुरू झाला होता. साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांनी असा सिद्धान्त मांडला होता की, जन्मतः कमी वजन असलेल्यांना उतारवयात हृदयविकार व मधुमेह अधिक होतो. आशिष बावडेकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पुण्यातील आठ वर्षांच्या मुलांविषयी लिहिले, त्यात जन्मतः हलकी आणि नंतर अंगाने भरलेली मुले सर्वाधिक धोक्यात दिसली. इन्सुलिनला न जुमानण्याची शरीराची प्रवृत्ती त्यांच्यात सर्वांत जास्त होती.

तोवर १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक मोठा अभ्यास सुरू झालेला होता, ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’. गर्भधारणा लवकरात लवकर कळावी म्हणून कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जाऊन विवाहित स्त्रियांच्या पाळीच्या तारखा नोंदवीत. त्या नोंदवह्यांचा विचार आम्ही अनेकदा करतो. स्त्रीच्या देहाविषयीचे इतके धीराचे, इतके अनलंकृत लेखन मराठी मुलखात क्वचितच झाले असेल.

२००३ मध्ये या बाळांची तुलना साउदॅम्प्टनच्या बाळांशी प्रसिद्ध झाली. पुण्याकडच्या मातांचे सरासरी वजन ४४.६ किलो, इंग्रज मातांचे ६३.६. बाळे अनुक्रमे २.७ आणि ३.५ किलोंची. पुणेरी बाळे प्रत्येक मापात लहान होती, पण सारख्या प्रमाणात लहान नव्हती. पोटाचा घेर सर्वांत मागे पडलेला, दंडही बारीक; खांद्याच्या फऱ्याखालच्या त्वचेच्या चिमटीची जाडी मात्र इंग्रज बाळांच्या सर्वांत जवळ जाणारी. अवयव आणि स्नायू यांच्या वाढीत काटकसर झाली होती, मेद बव्हंशी राखला गेला होता. ‘थिन-फॅट’ हा शब्दप्रयोग येथे रूढ झाला. मराठीत बाळाच्या गुबगुबीतपणाला ‘बाळसे’ हा किती प्रेमळ शब्द आहे! या बाळांना बाळसे नव्हते, आणि तरीही ती आपल्या आकाराच्या मानाने मेदयुक्त होती. त्यांना ‘कृशमेदी’ म्हणावे असे आम्ही सुचवितो.

एक आक्षेप येथे घेता येतो. साउदॅम्प्टनचे बाळ प्रमाण का मानावे? मापदंड बदलला तर हा ‘मेद’ उरेल का? आक्षेप रास्त आहे, पण २००९ मध्ये त्याला बरेचसे उत्तर मिळाले. लंडनच्या नीना मोदी आणि पुण्याचे संशोधक यांनी नवजात बाळांचे एमआरआय चित्रण केले, तेव्हा वजनाने हलक्या असलेल्या पुण्याच्या बाळांच्या पोटाच्या आत लंडनच्या बाळांपेक्षा अधिक मेद आढळला. चिमटीला न लागणारा मेद चित्रात दिसला.

मातांच्या आहाराचा भाग आगरकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी तपासला. एकूण उष्मांक व प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध लागला नाही. पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा लागला. श्रमाचाही लागला. शेतकाम, विहिरीचे पाणी, धुणे यांत अधिक राबणाऱ्या बायकांची बाळे लहान होती. पुढे २००८ मध्ये आणखी एक धागा हाती आला. सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट जास्त, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. हे वाचताना ‘आईमुळे’ हा शब्द जिभेवर येतो, आणि तो आवरावा लागतो. घागर कोणी डोक्यावर दिली, दूध घरातल्या कोणाच्या वाट्याला गेले, हे प्रश्न प्रयोगशाळेच्या तक्त्यात मावत नाहीत. पण तक्त्यातले आकडे त्यांच्याकडेच बोट दाखवितात.

मग वजन घटविण्याच्या उपचारांचे काय? याच पुण्यात शल्यविशारद शशांक शहा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १५ मधुमेही रुग्णांवरील जठर-बायपासचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांचे निर्देशांक २२ ते ३५ यांच्या दरम्यान होते. म्हणजे पाश्चात्त्य निकषांनी त्यांतील बहुतेकांना ही शस्त्रक्रिया सुचविलीच गेली नसती. सरासरी निर्देशांक २८.९ वरून २३ वर आला आणि तीन महिन्यांत सर्वांची मधुमेहाची औषधे थांबली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, रुग्णही मूठभर, त्यामुळे या निष्कर्षावर फार भार टाकू नये. पण ज्याला काटा ‘ठीक’ म्हणतो त्यालाही उपचाराचा लाभ होऊ शकतो, हा प्रश्न त्याने ऐरणीवर आणला. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड हे वजन घटविणारे इंजेक्शन भारतात विक्रीला आले तेव्हा लठ्ठपणासाठीचा त्याचा उंबरठा निर्देशांक ३० असाच होता, आणि लठ्ठपणाशी निगडित विकार असल्यास २७. याज्ञिकांचा आकडा आठवावा: २२.३. त्याच वर्षी जानेवारीत ‘लॅन्सेट’च्याच एका आयोगाने सांगितले की लठ्ठपणाचे निदान केवळ या निर्देशांकावर करू नये, कमरेचा घेर किंवा प्रत्यक्ष मेदही मोजावा. त्या छायाचित्राला तेव्हा २१ वर्षे झाली होती.

केईएमच्या गटाने दरम्यान वेगळी वाट धरली. काट्यावरचे वजन उतरविण्याऐवजी ते कसे घडते, तेथे हात घालावा, असा तो विचार. २०१२ मध्ये ‘प्रिया’ नावाची चाचणी सुरू झाली. सहभागी होती तीच सहा खेड्यांतील बाळे, आता वयात आलेले मुलगे आणि मुली. काहींना ब-१२च्या गोळ्या, काहींना त्यांसोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये, काहींना निष्प्रभ गोळ्या. कोणाला काय मिळते हे देणाऱ्यालाही माहीत नाही. मापायचे होते ते त्यांच्या पोटी येणाऱ्या बाळांचे. ज्यांच्या आयांच्या पाळीच्या तारखा १९९३ नंतर दारात उभे राहून लिहून घेतल्या गेल्या, त्या मुलींच्या तारखाही मग वहीत चढू लागल्या.