जामीन, खुनाच्या खटल्यातील
खून हा अजामीनपात्र गुन्हा असला, तरी निकालापर्यंत आरोपीला कोठडीत ठेवलेच पाहिजे असे भारतीय कायदा म्हणत नाही. दंडाधिकाऱ्याचे हात मात्र बरेच बांधलेले असतात. त्यामुळे खरा निर्णय सत्र किंवा उच्च न्यायालयात, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ४८३ नुसार (पूर्वीचे कलम ४३९) होतो. या टप्प्यावर पुराव्याची बारीक छाननी करत नाहीत. आरोपीची नेमकी भूमिका, पळून जाण्याची वा साक्षीदारांवर दडपण आणण्याची शक्यता पाहतात. रेंगाळलेला खटला हाही वजनदार मुद्दा. गंभीर गुन्ह्यात जामीन देताना कारणे नोंदवलीच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने कल्याणचंद्र सरकार प्रकरणात (२००४) बजावले. ९० दिवसांत आरोपपत्र दाखल न झाल्यास मात्र, आरोपीने अर्ज करून हमी दिली की, गुणदोष न पाहता जामीन द्यावाच लागतो.