विश्वासू प्रवासी योजना: निवड पासपोर्टनुसार

परदेश प्रवासात विमानतळावर प्रवाशाला दोन वेगळ्या रांगांना तोंड द्यावे लागते. पहिली सुरक्षा तपासणीची. तेथे सामान आणि अंगझडती होते. दुसरी सीमेवरची. तेथे पासपोर्ट, व्हिसा आणि सोबत आणलेल्या वस्तू पाहिल्या जातात. अमेरिकेत ही दोन्ही कामे वेगवेगळ्या यंत्रणांकडे असून, रांग टाळण्याच्या सवलतीही वेगवेगळ्या आहेत. हा भेद ध्यानात न घेता अर्ज केल्यास परत न मिळणारे शुल्क भरूनही हवी ती सूट हाती लागत नाही.

या योजनांमागील कल्पना साधी आहे. ज्या प्रवाशाने आपली माहिती व बोटांचे ठसे आगाऊ देऊन पार्श्वभूमी तपासून घेतली, त्याच्यावर दर खेपेस कमी वेळ खर्च करायचा आणि वाचलेले मनुष्यबळ अपरिचित प्रवाशांकडे वळवायचे. अमेरिकेने २००८ मध्ये देशात प्रवेश करणाऱ्यांसाठी ‘ग्लोबल एन्ट्री’ सुरू केली. सुरक्षा तपासणीसाठीची ‘टीएसए प्रीचेक’ २०११ मध्ये आली. प्रीचेकच्या रांगेत लॅपटॉप वा द्रवपदार्थ पिशवीतून बाहेर काढावे लागत नाहीत, पट्टा आणि हलके जाकीटही अंगावर राहते. बूट काढण्याची सक्ती जुलै २०२५ मध्ये सर्वच प्रवाशांसाठी उठवण्यात आल्याने प्रीचेकचे एक आकर्षण तेवढे ओसरले आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा पात्रतेचा आहे. प्रीचेकसाठी थेट अर्ज करण्याची मुभा अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डधारक यांनाच आहे. एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षे नोकरी करणाऱ्या भारतीयाला ते दार बंद असते. ग्लोबल एन्ट्री मात्र जुलै २०१७ पासून भारतीय नागरिकांना खुली आहे. तत्कालीन राजदूत नवतेज सरना हे तिचे पहिले भारतीय सदस्य. ग्लोबल एन्ट्रीच्या सदस्यत्वातच प्रीचेकचा लाभ अंतर्भूत असल्याने, भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्याला प्रीचेकपर्यंत पोहोचण्याचा हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. ऑक्टोबर २०२४ पासून शुल्क १०० ऐवजी १२० डॉलर झाले असून मुदत पाच वर्षांची आहे. अमेरिकेतील अनेक क्रेडिट कार्डे हे शुल्क भरून देतात. अर्जापूर्वी आपल्या कार्डाच्या अटी पाहून घेणे शहाणपणाचे.

कॅनडात स्थायिक झालेल्यांचे गणित निराळे. त्यांना दोन्ही देशांनी मिळून चालवलेली ‘नेक्सस’ योजना सोयीची पडते. ती रस्त्याने सीमा ओलांडतानाही उपयोगी येते. शुल्क आता १२० डॉलरच, पण दोन्ही सरकारांची संमती लागते. मेक्सिकोच्या सीमेसाठी ‘सेंट्री’ आहे. आपल्याकडील फारच थोड्यांना तिची गरज पडेल.

भारतीय अर्जदाराची पडताळणी दुहेरी होते. अमेरिकी संकेतस्थळावर अर्ज व शुल्क भरल्यानंतर भारतीय यंत्रणेकडूनही पार्श्वभूमी तपासली जाते आणि त्यासाठी पासपोर्ट सेवेमार्फत वेगळा अर्ज करावा लागतो. सशर्त मंजुरीनंतर मुलाखत होते. ती नोंदणी केंद्रावर देता येते, किंवा अमेरिकेत उतरताना काही विमानतळांवर त्याच वेळी उरकता येते. तिकीट हातात आल्यावर अर्ज करण्याची घाई व्यर्थ आहे. ही तयारी बरीच आधी करावी लागते.

सदस्यत्व मिळाल्यावरही दोन गोष्टींत हमखास घोळ होतो. एक, तिकीट काढताना सदस्य क्रमांक नोंदवला नाही, किंवा तिकिटावरील नाव नोंदणीतील नावाशी जुळले नाही, तर बोर्डिंग पासवर प्रीचेकची खूण उमटत नाही. पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे वा पतीचे नाव असण्याची आपल्याकडील पद्धत पाहता हे विशेष जपावे. दुसरे, कुटुंबातील एकाच्या सदस्यत्वावर बाकीच्यांना ग्लोबल एन्ट्रीच्या रांगेतून नेता येत नाही. तान्ह्या मुलालाही स्वतंत्र सदस्यत्व लागते. पालक सदस्य वा अर्जदार असल्यास अठरा वर्षांखालील मुलांना ऑक्टोबर २०२४ पासून शुल्क पडत नाही, ही त्यातली दिलाशाची बाब. प्रीचेकच्या रांगेत मात्र बारा वर्षांपर्यंतची मुले पालकांसोबत जाऊ शकतात.

नातवंडांना भेटायला वर्षा-दोन वर्षांतून एकदा जाणाऱ्या आजी-आजोबांनी या खटाटोपात पडावे का? बहुधा नाही. वर्षात तीन-चार फेऱ्या करणाऱ्यालाच त्याचे मोल.

सवलत म्हणजे अभय नव्हे. सदस्यत्वाने व्हिसा मिळत नाही आणि अधिकाऱ्याचा चौकशीचा अधिकारही अबाधित राहतो. उलट, सदस्याकडून नियमपालनाची अपेक्षा अधिक असते. पॅरिसहून अमेरिकेत आलेल्या एका महिलेने २०१८ मध्ये विमानात मिळालेले सफरचंद न सांगता पिशवीत ठेवले. तिला ५०० डॉलर दंड झालाच, शिवाय ग्लोबल एन्ट्रीचे सदस्यत्वही धोक्यात आले. मुलाबाळांसाठी पेटीतून चार आंबे नेण्याचा मोह होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. अर्जातील जुना गुन्हा वा सीमाशुल्काचा दंड लपवणे तर त्याहून महागात पडते.

परतीच्या बाजूला भारतानेही अशीच सोय केली आहे. ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन’ योजना जून २०२४ मध्ये दिल्लीत आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर सुरू झाली. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक यांना ती विनाशुल्क आहे. ऑनलाइन अर्ज आणि बोटांचे ठसे दिल्यानंतर स्वयंचलित दारातून पासपोर्ट तपासणी होते. मुदत पाच वर्षे किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तेवढी. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘डिजियात्रा’शी तिची गल्लत करू नये. ती देशांतर्गत प्रवासात चेहऱ्यावरून ओळख पटवते, एवढेच. यांपैकी कोणतीही योजना घेतली, तरी मुंबईच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीसाठी सर्वांबरोबर ट्रे घेऊन उभे राहावेच लागते.