शीत तापमान आणि पोलादाचा चिवटपणा : एक ऐतिहासिक आढावा

काठिण्य आणि चिवटपणा हे पोलादाचे दोन भिन्न गुणधर्म होत. सुरीची धार टिकते ती काठिण्यामुळे. पाते आघाताने तुटत नाही ते चिवटपणामुळे. अतिशीत तापमानात या दुसऱ्या गुणधर्माचा ऱ्हास होतो. हे सत्य अभियंत्यांना कसे उमगले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज शार्पी यांनी १९०१ मध्ये लंबकाच्या आघात चाचणीला प्रमाणित रूप दिले. खाच पाडलेला नमुना मोडताना किती ऊर्जा शोषली जाते, हे तीत मोजले जाते. तथापि, या मोजमापाचे खरे महत्त्व दुसऱ्या महायुद्धात प्रकर्षाने जाणवले. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे धक्क्याला उभे असलेले 'स्केनेक्टडी' हे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात अकस्मात दुभंगले. प्रारंभी वेल्डिंगला दोष देण्यात आला. मात्र केंब्रिज येथील धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी अशा दुर्घटनांच्या अभ्यासातून दाखवून दिले की, विशिष्ट तापमानाखाली ते पोलादच ठिसूळ होत होते. रिव्हेटच्या जहाजात तडा बहुधा पत्र्याच्या कडेशी थांबे. वेल्डिंगने सलग झालेल्या सांगाड्यात तो अडथळ्याविना पुढे जाई.

याचे कारण स्फटिकरचनेत आहे. सामान्य पोलादातील अणुरचना थंडीत सहजासहजी सरकत नाही. परिणामी धातू वाकण्याऐवजी फुटतो. निकेल मिसळल्यास हे संक्रमण अधिक खालच्या तापमानाकडे ढकलले जाते.

सुरीच्या कठीण केलेल्या पोलादाचा चिवटपणा मुळातच कमी असतो. त्यामुळे थंडीत त्याची घट जहाजाच्या पत्र्याइतकी नाट्यमय नसली, तरी गोठलेले हाड वा लाकूड तोडताना धारेचे टवके उडण्याचा धोका वाढतो. येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. द्रव नायट्रोजनच्या −१९६ अंश सेल्सिअस तापमानापर्यंत पाते थंड करण्याची प्रक्रिया उत्पादनातील असून, तिने शिल्लक ऑस्टेनाइटचे मार्टेन्साइटमध्ये रूपांतर होते व काठिण्य वाढते. तिच्यामुळे पाते थंडीत वापरण्यास अधिक चिवट बनते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

सारांश, सामान्य तापमानात घेतलेली परीक्षा शीत प्रदेशातील वापराची हमी देऊ शकत नाही. साहित्याची चाचणी त्याच्या प्रत्यक्ष वापराच्या तापमानात व्हावी, हा दंडक या दुर्घटनांनी अधोरेखित केला.