काळं पाणी, निळं पाणी

दिवाळीची सुट्टी जवळ आली की हल्ली आमच्या नाशकात ओळखीतलं कुणी ना कुणी अंदमानला निघालेलं असतं. पाच रात्री, सहा दिवस, नाश्ता-जेवणासकट. आणि त्या कागदावर खाली बारीक अक्षरात एक ओळ असतेच: 'स्कूबा डायव्हिंग समाविष्ट.' कुणाची बोट, किती माणसं, शिकवणार कोण, यातलं काहीही त्या ओळीत नसतं, आणि आपणही विचारत नाही. जेवणात पनीर आहे का, हे मात्र दोनदा विचारतो!

गंमत म्हणजे नाशिक आणि अंदमान यांचं नातं पर्यटनाच्या कितीतरी आधीचं आहे. १८५७ च्या उठावानंतर, १० मार्च १८५८ रोजी डॉ. वॉकर दोनशे कैद्यांना घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला आणि 'काळं पाणी' सुरू झालं. १९०९ साली भगूरच्या बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात, 'शारदा' नाटकाच्या वेळी, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, आणि त्या खटल्याचे धागे थेट लंडनला तात्यारावांपर्यंत नेण्यात आले. त्यांना दोन जन्मठेपा झाल्या, एकूण पन्नास वर्षं. मद्रासहून 'महाराजा' नावाच्या बोटीतून ते ४ जुलै १९११ रोजी पोर्ट ब्लेअरला पोचले. बोटीच्या तळाशी पिंजरा, त्यात कोंबलेले कैदी... 'माझी जन्मठेप' वाचलेल्यांना हा प्रवास वेगळा सांगायला नको.

या माणसांना बोट निवडता आली नव्हती. तीत किती जणांना भरायचं, कुठे बसवायचं, सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. आज आपण त्याच समुद्रावर हौसेने जातो, पदरचे पैसे मोजून जातो. निवडीचा हक्क आपल्या हातात आहे, आणि तोच आपण न वापरता एजंटाच्या हवाली करून टाकतो. मला यात खटकतं ते एवढंच.

बोट निवडायची म्हणजे नेमकं काय करायचं? माझ्या मते थोडा इतिहास आठवायचा. समुद्रातला जवळजवळ प्रत्येक नियम कुणीतरी जिवाची किंमत दिल्यानंतरच लिहिला गेलाय.

पहिला प्रश्न पाण्याखालचा नाहीच, पाण्यावरचा आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी पावसात बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता. कोकणातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ती बोट अजून येते. २६ जानेवारी २०१४ ला अंदमानात, रॉस बेटाहून नॉर्थ बेकडे जाणारी 'अ‍ॅक्वा मरीन' उलटली. क्षमता पंचविसाच्या आसपास, आणि आत चाळीसहून जास्त माणसं. वीसहून अधिक जण दगावले. २४ मे २०२२ ला आपल्याच तारकर्लीला, स्कूबा करून परतणारी वीस पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ आल्यावर उलटली. दोघे गेले. समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघून ही मंडळी सुखरूप वर आली होती. घात झाला तो परतीच्या बोटीत!

म्हणून आधी विचारायचं ते हे, की बोट किती माणसांची आणि आज नेणार किती जणांना? प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, पोरांच्या मापाचंसुद्धा? (आणि ते अंगात असेल की सीटखाली?) हवामान बिघडलं तर फेरी रद्द होते का, आणि पैसे परत मिळतात का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नाही. जिथे पैसे परत मिळत नाहीत तिथे बोट नेण्याचा मोह बोटवाल्यालाही होतो आणि गिऱ्हाईकालाही.

आता पाण्याखाली जाऊ. आपण नाशिककर गोदावरीच्या कुंडात उड्या मारून पोहायला शिकलेले. छातीत दम भरायचा, नाक दाबायचं आणि बुडी मारायची. स्कूबाचा पहिला नियम याच्या बरोब्बर उलटा आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्याँ या दोघांनी असा रेग्युलेटर तयार केला, की माणूस ज्या खोलीवर असेल तिथल्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा त्याला टाकीतून मिळते. दहा मीटर खाली दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येताना प्रसरण पावून दुप्पट व्हायला बघते. श्वास सोडत राहिलं तर काही होत नाही. घाबरून तोंड मिटून वर झेपावलं तर फुप्फुसाला इजा होते. पट्टीचा पोहणारा इथे हमखास फसतो, कारण त्याची जुनी सवय आडवी येते.

याचा अर्थ, खाली शेजारी कोण आहे याला महत्त्व आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्याला एका इन्स्ट्रक्टरमागे एक माणूस असेल तर उत्तम. दोघे चालतील. चार म्हणजे 'पाडी' या संस्थेने अशा पहिल्या अनुभवासाठी खुल्या पाण्यात ठेवलेली कमाल मर्यादा. त्या अनुभवाची खोली बारा मीटरच्या आतच हवी. त्याआधी कंबरभर पाण्यात मास्कमधलं पाणी काढायला आणि तोंडातून रेग्युलेटर निसटला तर परत घ्यायला शिकवतात का? दमा, हृदयविकार, नुकतीच झालेली सर्दी, याबद्दल फॉर्म भरून घेतात का? फॉर्मवर खरं लिहिलं तर कदाचित पाण्यात उतरू देणार नाहीत, या भीतीने लोक खोटं लिहितात. असं करू नका. जो दुकानदार तुमचा फॉर्म वाचून 'नाही' म्हणतो, तोच चांगला दुकानदार!

तिसरा प्रश्न माणसं मोजण्याचा. २५ जानेवारी १९९८ ला ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन जोडपं बोटीतून पाण्यात उतरलं. डाईव्ह संपली, बोट किनाऱ्याला गेली, आणि ही दोघं समुद्रातच राहिली. हे लक्षात यायला दोन दिवस लागले. ती दोघं कधीच सापडली नाहीत. त्यानंतर तिकडे डोकी मोजण्याचे नियम कडक झाले. तेव्हा आपल्या बोटीवर कागदावर नावं लिहितात का, परत निघताना मोजदाद करतात का, आणि सगळे खाली असताना वर बोट सांभाळायला कुणी असतं का, हे बघून घ्यावं.

चौथी गोष्ट कुणी सांगतच नाही, आणि आपल्याला घाटावरच्यांना ती मुद्दाम लागू आहे. दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो. तो सावकाश बाहेर पडायला हवा. सोड्याची बाटली एकदम उघडल्यावर जसे बुडबुडे येतात, तसे अंगात आले तर सांधे दुखण्यापासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. १९०८ साली हॉल्डेन या शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून किती हळू वर यायचं याची कोष्टकं प्रसिद्ध केली. विमानात बसणं किंवा डोंगर चढणं म्हणजे एक प्रकारे आणखी वर येणंच. म्हणून एका साध्या डाईव्हनंतर निदान बारा तास आणि अनेक डाईव्ह केल्या असतील तर अठरा तास विमानात बसू नये, असा सर्वमान्य सल्ला आहे. आणि आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर! मालवणच्या उथळ पाण्यातल्या पंधरा मिनिटांना फारसा धोका नाही. पण जे तिथे दिवसभर खोल डाईव्ह करतात, त्यांनी त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढून घराकडे निघू नये. रात्रीचा मुक्काम खालीच करावा.

पॅकेजवाले काय करतात? स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवतात, दुपारच्या विमानाआधी. तुम्ही उलटं करायला सांगा. पहिल्या दिवसांत हॅवलॉकला (२०१८ पासून स्वराज द्वीप) जाऊन समुद्रात उतरा. २०१० च्या उष्ण पाण्याने तिथली बरीच प्रवाळं पांढरी पडली, तरी बघण्यासारखं अजून खूप आहे. फक्त हात लावू नका. आणि शेवटचा कोरडा दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये (२०२४ पासून श्री विजयपुरम) काढा.

त्या दिवशी सेल्युलर जेल बघावं. सातपैकी तीनच कोठडी-इमारती उरल्या आहेत, पण त्या पुरेशा आहेत. त्या कोठड्यांमधल्या माणसांना कुठली बोट, कुठला दिवस, परत कधी, यातलं काहीच विचारायची मुभा नव्हती. आपल्याला आहे. चार प्रश्न विचारायला फार तर दहा मिनिटं लागतात. एजंट वैतागला तर वैतागू द्या!